जीपचा बुश : लहान वस्तू, मोठे काम

आपल्या जिल्ह्यात जीपगाडी ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. या जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत. २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र अजून 'नगर' हेच नाव आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे डोंगर आहेत. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर तिथेच आहे. दक्षिणेला कर्जत-जामखेडचा कोरडा मुलूख आहे. प्रवरेच्या काठी काळी जमीन आहे. म्हणजे कुठे दगड, कुठे धूळ, कुठे पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अशा वाटांवर जीप चालते. म्हणून ती आपल्या लोकांना आवडते.

जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, विलीज कंपनीने ती सैन्यासाठी बनवली. फोर्ड कंपनीनेही बनवली. दोघींनी मिळून सहा लाखांच्या वर गाड्या केल्या. युद्ध संपले. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे ती गाडी इथेच तयार होऊ लागली. १९५२ च्या २ ऑक्टोबरला देशात समूह विकास योजना सुरू झाली. तेव्हा विकास गटाची जीप खेडोपाडी दिसू लागली. ती आली की पोरे मागे धावत. नंतर तिचे नाना प्रकार निघाले. काळीपिवळी जीप प्रवासी नेऊ लागली. यांतल्या पुष्कळ गाड्यांना चारही चाकांचा जोर नसतो, फक्त मागच्या दोन चाकांचा असतो. पण खालची पाट्यांची रचना साधारण तीच आहे.

अशी जुनी जीप अजून कितीतरी घरांचे पोट भरते. आज आपण तिच्या एका लहानशा भागाची माहिती घेऊ. त्याचे नाव बुश.

बुश म्हणजे काय?

बैलगाडी सर्वांनी पाहिली आहे. तिचे चाक आखावर फिरते. वंगण नसले तर काय होते? आधी कुरकुर ऐकू येते. मग आख झिजतो. शेवटी चाक डुगडुगते. दोन कठीण वस्तू एकमेकींवर घासल्या की दोन्ही झिजतात. हा साधा नियम आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गुडघ्याचे. हाडाच्या टोकांवर मऊ कूर्चा असते. ती झिजली की म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नाही. हाडे मजबूत असतात, पण मधली गादी गेलेली असते.

जीपचा बुश ही तशीच मधली गादी आहे. जुन्या जीपच्या प्रत्येक चाकाजवळ पोलादी पट्ट्यांची एक जुडी असते. तिला आपले लोक पाटे म्हणतात. गाडीचे सारे ओझे या चार जुड्यांवर असते. प्रत्येक जुडीतला मुख्य पाटा सर्वांत लांब असतो. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. त्या गोलाला आपण 'डोळा' म्हणू. एक डोळा बोल्टने गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसीला, थेट जोडतात. दुसरा डोळा लोंबत्या लोखंडी पट्ट्यांच्या जोडीला जोडतात. त्या जोडीला शॅकल म्हणतात. खड्डा आला की पाटा दबतो आणि लांब होतो. तेवढा लांब व्हायला त्याला शॅकल जागा देते.

आता हिशेब करा. थेट जोडलेल्या डोळ्यात एक बुश. शॅकलच्या खालच्या टोकाला एक आणि वरच्या टोकाला एक. एका जुडीला झाल्या तीन जागा. चार जुड्यांना बारा. या बारा जागी बोल्ट आणि लोखंड यांच्या मध्ये बुश बसलेला असतो. कुठे तो एकसंध असतो, कुठे दोन अर्ध्या तुकड्यांचा असतो. धक्का शोषणाऱ्या नळ्यांना, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरना, पुष्कळदा त्यांचे निराळे रबरी बुश असतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गाडीखाली वाकून मोजावे. जुना बुश सोबत न्यावा. पुड्यावरचा नंबर वाचून घ्यावा. पुढचा आणि मागचा बुश एकाच मापाचा असेल असे धरून चालू नये.

बुशाचे प्रकार

पहिला प्रकार धातूचा. काही जुन्या जीपांत असे बुश आढळतात. तिथे ग्रीस भरायला लहान टोपण असते. त्याला निपल म्हणतात. अशा बुशाला ग्रीस वेळच्या वेळी हवेच. जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

दुसरा प्रकार रबराचा. आत एक लोखंडी नळी, बाहेर कधी कधी दुसरी नळी, आणि मध्ये घट्ट चिकटवलेले रबर. याला सायलेंट बुश म्हणतात, कारण तो आवाज करत नाही. याला ग्रीस लावायचे नाही. तेल, डिझेल आणि ग्रीस यांनी साधे रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. पुष्कळ जण चांगल्या हेतूने रबरी बुशाला ग्रीस चोपडतात. ते औषध म्हणून विष देण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार नवा आहे. तो पॉलियुरेथेन नावाच्या कडक पदार्थाचा असतो. त्याच्याबरोबर त्याचे निराळे ग्रीस मिळते. तेच वापरावे.

तेव्हा आधी प्रकार ओळखा, मग वंगणाचा विचार करा.

झिजला हे कसे ओळखावे?

बुश झिजला की गाडी बोलू लागते. खड्ड्यातून जाताना खालून 'खट्' असा आवाज येतो. ब्रेक मारताना एक ठोका, गाडी सुटताना दुसरा ठोका. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. टायर एकाच बाजूने झिजतो.

पण आवाज आला की बुशच गेला असे नाही. पाटा तुटलेला असेल. पाट्यांना ॲक्सलशी बांधणारा यू-बोल्ट ढिला असेल. स्टिअरिंगचा सांधा खिळखिळा झाला असेल. म्हणून पाहून खात्री करावी. गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना दगड लावा. डोळ्याजवळची माती ब्रशने झाडा. बोल्ट डोळ्याच्या मधोमध आहे का पाहा. एका अंगाला सरकला असेल तर रबर दबले आहे. रबराला चिरा आहेत का? बाहेर लोंबते आहे का? तांबडी गंजाची भुकटी पडते आहे का? मग एक लहान पहार डोळा आणि कंस यांच्या मध्ये घालून हळू उचका. लोखंड लोखंडावर आपटून हलले, तर बुश संपला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

दुर्लक्ष केले तर काय होते? आधी बोल्ट झिजतो. मग डोळ्याचे गोल भोक लांबट होते. मग पाटाच बदलावा लागतो. थेट जोडलेला बोल्ट तुटला तर ॲक्सल जागचा सरकतो. घाटात असे झाले तर गाडी चालकाच्या हाती राहत नाही. काट्याचा नायटा होतो तो असा.

आधी जीव, मग गाडी

आता काम कसे करायचे ते सांगतो. पहिली गोष्ट सुरक्षिततेची.

पुष्कळ जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला धरतो. मागचे एक चाक जॅकने उचलले, की ते मोकळे फिरू शकते. तेव्हा दांडा धरलेला असूनही जमिनीवरचे दुसरे चाक उलट दिशेला फिरू शकते. म्हणजे हातब्रेक ओढला आहे आणि तरी गाडी घरंगळते! म्हणून जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून, मोठे दगड किंवा लाकडी पाचरी लावाव्यात.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चेसीखाली लोखंडी स्टँड लावावेत. विटा रचू नयेत. वीट ओझ्याखाली एकदम फुटते, आधी सांगत नाही. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी घालावी.

आणखी एक गोष्ट आम्ही जन्मभर मास्तरकी केली म्हणून सांगतो. 'अंगाने लहान आहे, चटकन आत शिरतो' म्हणून पोराला गाडीखाली पाठवू नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे कायद्याने बंद आहे. त्याची जागा वर्गात आहे.

काम करण्याची रीत

१. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. ते गंजले असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल सोडा. ते ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा चांगल्या बुशावर पडू देऊ नका.

२. गाडी उचला. चेसी स्टँडवर ठेवा. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावा. पाट्यावर ओझेही नको आणि ॲक्सल लोंबायलाही नको. ॲक्सल लोंबला तर ब्रेकची नळी ताणली जाते. तिच्यावर नजर ठेवा.

३. एका वेळी एकाच पाट्याचे एकच टोक सोडा. आधी शॅकलचे करा. ते जागी लावून झाल्यावर दुसरे टोक घ्या. नुसते बुश बदलायचे तर मधले यू-बोल्ट सोडू नयेत.

४. बोल्ट अडला तर आट्यांवर हातोडा मारू नका. नट उलट फिरवून बोल्टच्या टोकाशी आणा, म्हणजे आटे वाचतात. मग पितळेचा तुकडा मध्ये धरून ठोका. गॅसची ज्योत शक्यतो वापरू नये. पुष्कळ जुन्या जीपांची इंधनाची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. जळत्या रबराचा धूरही घातक असतो.

५. जुना बुश ओढून काढा. एक लांब बोल्ट डोळ्यातून घाला. एका बाजूला बुशापेक्षा किंचित लहान तुकडा ठेवा. दुसऱ्या बाजूला बुश मावेल अशी नळी ठेवा. नट आवळत जा. बुश नळीत सरकत येतो. बाहेरची लोखंडी नळी डोळ्यात अडकून राहिली तर ती करवतीच्या पात्याने आतून चिरा. डोळ्याला चीर पडू देऊ नका.

६. डोळा पॉलिशपेपरने साफ करा. भोक गोल आहे का पाहा. कुठे तडा आहे का पाहा. जुन्या बोल्टवरून नख फिरवा. नखाला खाच लागली तर बोल्टही नवा घ्या. झिजलेल्या बोल्टवर नवा बुश घालणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे.

७. नवा रबरी बुश साबणाच्या पाण्याने ओला करून सरळ आत दाबा. वाकडा जाऊ लागला तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा लावा.

८. बोल्ट घाला. नट हाताने घट्ट होईल इतकाच फिरवा. आता आवळू नका. इथेच सारे मर्म आहे.

शेवटचे आवळणे

आमच्या ओळखीचा एक चालक आहे. शाळेत आमच्याच हाताखाली शिकला. अकोले तालुक्यातल्या एका डोंगराळ वाडीवर राहतो. आठवडी बाजाराला माणसे नेतो. वाडीत रात्री कुणी बाळंतीण अडली, तर तिला खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे काम त्याच्याच जीपचे. त्याने एका गॅरेजात नवे बुश बसवले. दोन महिन्यांत पुन्हा खडखड सुरू झाली. तो आम्हांला म्हणाला, "गुरुजी, माल खोटा निघाला बघा. पैसे गेले पाण्यात."

आम्ही त्याला नगरच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे घेऊन गेलो. मिस्तरींनी गाडीखाली डोकावून पाहिले. काढलेला बुश हातात घेतला, फिरवून पाहिला.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "गाडी जॅकवर असतानाच आवळला होता का?"

"हो. मग कधी आवळायचा?"

"गाडी तिच्या पायांवर उभी राहिली की!"

त्यांनी कारण सांगितले. ते समजून घ्या. रबरी बुशात बोल्ट फिरत नाही. नट आवळला की आतली नळी कंसात घट्ट धरली जाते. बाहेरचा भाग पाट्याच्या डोळ्यात घट्ट असतो. मग पाटा वरखाली होतो तेव्हा फक्त मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सुटते. रबराला तेवढे पिळणे सोसते.

पोराच्या दप्तरातले एक खोडरबर घ्या. दोन्ही टोके धरून थोडे पिळा. सोडले की ते सरळ होते. डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे, असे कितीही वेळा करा. पण आधीच अर्धे पिळून ठेवले आणि त्याच बाजूला आणखी पिळले, तर ते फाटते.

गाडी उचललेली असताना पाटा सैल, जास्त वाकलेला असतो. त्या स्थितीत नट आवळला तर तीच रबराची सरळ स्थिती ठरते. मग गाडी खाली घेतली की ओझ्याने पाटा दबतो आणि रबर पिळले जाते. गाडी नुसती अंगणात उभी असली तरी ते पिळलेलेच राहते. त्यात खड्ड्याचे पिळणे आणखी वाढते. नवा बुश असा लवकर फाटतो आणि दोष मालाला लागतो.

म्हणून रीत अशी. सर्व बोल्ट हातघट्ट ठेवावेत. स्टँड काढून गाडी चारही चाकांवर उभी करावी. बोनेट आणि मागची फळी धरून गाडी चार-पाच वेळा दाबून सोडावी, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मग चाकांना दगड लावून नट शेवटचे आवळावेत. किती आवळायचे हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. जोर मोजणारा पाना मिळाला तर तो वापरावा. आपोआप घट्ट राहणारे नट असतील तर ते नवेच घालावेत.

त्या चालकाची जीप मिस्तरींनी पुन्हा नीट बसवून दिली. पैसे देताना तो हळहळला. मिस्तरी म्हणाले, "अरे बाबा, शेवटची दहा मिनिटं वाचवली, म्हणून दुसऱ्यांदा दिवस घालवावा लागला." आम्हांला हे बोलणे फार पटले.

काम झाल्यावर

बुश जोडीने बदलावेत. डावीकडचे बदलले तर उजवीकडचेही बदलावेत. नाहीतर एक बाजू कडक, दुसरी ढिली राहते आणि गाडी ओढतच राहते. पहिल्या फेरीला माणसे भरू नयेत. रिकामी गाडी हळू चालवून ब्रेक मारून पाहावा. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की सारे नट पुन्हा तपासावेत. टायर एका बाजूने झिजत असेल तर चाकांची सरळ रेषा तपासून घ्यावी.

नगर शहराजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधनाची मोठी संस्था आहे. तिथे गाड्यांची चाचणी घेतात. आपल्या जुन्या जीपची चाचणी तिथे कोण घेणार? ती रोज रस्त्यावरच होते आणि तिच्यात बसलेली माणसे आपली असतात. म्हणून चालकानेच तिचा परीक्षक व्हावे.

ज्याला लिहिता-वाचता येते त्याला हे सोपे आहे. एक चार आण्यांचीसुद्धा वही नको, पोराच्या जुन्या वहीची कोरी पाने पुरतात. त्यांवर एवढेच लिहावे : तारीख, गाडी किती किलोमीटर चालली, कोणत्या चाकाचे बुश बदलले, बुश रबरी की धातूचा, पुड्यावरचा नंबर, आणि नट पुन्हा कधी तपासले. पुढच्या वेळी मिस्तरीने विचारले, 'मागे कधी बदलले होते?' तर 'झाले असतील वर्ष-दोन वर्ष' असे मोघम सांगावे लागणार नाही. वही उघडून दाखवता येईल.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. चाकांना दोन्हीकडून दगड आणि चेसीखाली स्टँड. रबराला ग्रीस नाही. आणि शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना.